जोखीम कोणाची? : ‘सोझाबॉय’ कादंबरीच्या भाषेविषयी

मराठीतील ‘जोखीम’ हा शब्द दुहेरी आहे. संकटाचा संभव म्हणजे जोखीम. आणि ज्या मौल्यवान वस्तूमुळे ते संकट ओढवते तीही जोखीमच. दागिने घेऊन प्रवासास निघालेला मनुष्य ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणतो, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकवटलेले असतात. ज्या भूमीच्या पोटात तेल आहे तिच्या वर्णनास याहून समर्पक शब्द सापडणे कठीण. मात्र या शब्दाबरोबर एक प्रश्न अटळपणे येतो : जोखीम कोणाला? हा प्रश्न एका प्रकारच्या लेखनात पुसला जातो आणि एका कादंबरीत तो पुन्हा उभा राहतो. त्या दोहोंच्या भाषेचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला प्रकार म्हणजे गुंतवणूकदारांसाठी तयार होणारी देशवार जोखमीची कोष्टके. १९८० साली सुरू झालेले ‘इंटरनॅशनल कंट्री रिस्क गाइड’ हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. त्यात राजकीय परिस्थितीस १००, आर्थिक परिस्थितीस ५० व वित्तीय परिस्थितीस ५० गुण असतात. बेरजेची निमपट केली की देशाचा एकंदर अंक मिळतो. अंतर्गत संघर्ष, भ्रष्टाचार, राजकारणातील लष्कराचा शिरकाव असे १२ राजकीय घटक त्यात मोजले जातात. ही पद्धत निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. भांडवल गुंतविणाऱ्यास आपल्या भांडवलाची काळजी असणे स्वाभाविकच आहे. आक्षेप आहे तो या लेखनाच्या वाक्यरचनेवर. ‘अमुक देशात जोखीम अधिक आहे’ या वाक्यात सप्तमी आहे, चतुर्थी नाही. जोखीम कोठे आहे ते कळते; कोणाला आहे ते कळत नाही. त्या देशात राहणारी माणसे अशा वाक्यात केवळ स्थळाचा भाग होऊन बसतात.

नायजेरियाचे उदाहरण घेऊ. तेथील ओलोइबिरी येथे १९५६ साली तेल सापडले व १९५८ साली ते निर्यात होऊ लागले. १९६० साली देश स्वतंत्र झाला. १९६३ च्या राज्यघटनेप्रमाणे खनिजांच्या स्वामित्वधनाचा ५० टक्के वाटा ज्या प्रांतातून ते निघे त्यास मिळत असे. ३० मे १९६७ रोजी पूर्व प्रांत ‘बियाफ्रा’ या नावाने फुटून निघाला आणि जानेवारी १९७० पर्यंत यादवी युद्ध चालले. युद्धाचे कारण केवळ तेल नव्हते; पण तेल कोणत्या बाजूस राहणार, हा प्रश्न त्यात होताच. १९६९ च्या कायद्याने सर्व तेलाची मालकी केंद्र सरकारकडे गेली. १९९९ च्या राज्यघटनेत उत्पादक राज्यांस किमान १३ टक्के वाटा देण्याची तरतूद आहे.

केन सारो-वीवा यांची ‘सोझाबॉय’ ही कादंबरी १९८५ साली पोर्ट हारकोर्ट येथून प्रसिद्ध झाली. तिचा नायक मेने हा डुकाना गावचा तरुण, मोटार चालविण्याचे काम शिकणारा उमेदवार. गणवेशाचा मोह आणि नववधूचे रक्षण करण्याची हौस यांपायी तो सैन्यात जातो. कोण कोणाशी कशासाठी लढत आहे, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाऊन पडतो. मनमुसवाक नावाचा एकच मनुष्य त्याला दोन्हीकडे भेटतो. शेवटी तो गावी परततो, तेव्हा आई व पत्नी बॉम्बहल्ल्यात ठार झालेल्या असतात आणि गावकरी त्यालाच रोगराई आणणारे भूत समजतात. तेलाचा प्रश्न येथे अग्रभागी नाही. सारे आहे ते तेलाच्या प्रदेशातील एका माणसास काय भोगावे लागले, एवढेच.

लेखकाने आपल्या भाषेस उपशीर्षकातच ‘कुजकी इंग्रजी’ म्हटले आहे. नायजेरियन पिजिन, मोडकी इंग्रजी आणि मधूनच चमकणारी शुद्ध इंग्रजी यांचे ते मिश्रण आहे. अशी भाषा प्रत्यक्षात कोणीच बोलत नाही, हा आक्षेप भाषाशास्त्रदृष्ट्या खरा मानावा लागेल. तथापि तो येथे गैरलागू आहे. बोलीची नोंद करणे हे या भाषेचे काम नव्हे. अर्धवट शिक्षण झालेला मनुष्य रेडिओवरचे व अधिकाऱ्यांचे जड शब्द ऐकतो, ते उचलतो, पण त्यांचा अर्थ त्याच्या हाती येत नाही. ही अवस्था दाखविणे हे तिचे काम आहे. अवघड भाषा वाढली की संकटही वाढते, हे मेनेचे निरीक्षण म्हणूनच केवळ विनोद नाही. ज्यांच्या भाषेत निर्णय होतात ते संकट भोगत नाहीत. जे भोगतात त्यांना ती भाषा परकी असते.

कादंबरीत उणिवा आहेत. पत्नी ॲग्नेस ही व्यक्ती म्हणून पुरती उभी राहत नाही; तिचे भय व तिची इच्छा नायकाच्या निमित्तापुरतीच येते. तसेच निवेदन मेनेच्या आकलनाबाहेर जात नसल्यामुळे युद्धाची कारणमीमांसा वाचकास अन्यत्र शोधावी लागते. त्या बाबतीत कोष्टके अधिक सांगतात, हे मान्य केले पाहिजे. पण कोष्टकात सुटलेली चतुर्थी येथे प्रत्येक पृष्ठावर आहे.

ती चतुर्थी लेखकासही चुकली नाही. ओगोनी लोकांच्या हक्कांसाठी आणि तेलाने नासलेल्या त्यांच्या भूमीसाठी लढणाऱ्या सारो-वीवांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी, लष्करी राजवटीत, अन्य आठ जणांसह फाशी देण्यात आले. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने ओगोनी प्रदेश पूर्ववत होण्यास २५ ते ३० वर्षे लागू शकतील असे सांगितले. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी या नऊ जणांस मरणोत्तर माफी दिली. ‘माफी’ हा शब्द अपराध गृहीत धरतो. निर्दोषत्व त्यात बसत नाही. कोणता शब्द कोण वापरतो आणि कोणासाठी वापरतो, हे पाहण्याची सवय ‘सोझाबॉय’ वाचकास लावते. अशा देशांविषयीचे अहवाल वाचणाऱ्या अभ्यासकाने ती कादंबरी शेजारी ठेवावी, असे म्हणण्याचे कारण एवढेच.