गंधार कोणी लावायचा?

लग्नसराईत हळदीच्या रात्री कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या आगरी गावांतून डीजेवर जी गाणी वाजतात, त्यांतल्या कितीतरी गाण्यांचा आवाज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर थेट उडी मारतो. मधली वाट कापून टाकलेली असते. हा ऑटो-ट्यूनचा परिणाम आहे, हे नाचणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. याच गावांत धवलारिणी वाद्याविना लग्नाचे धवले गात आल्या आहेत. त्यांचा खरबरीत, ताणलेला सूर आणि हा चकचकीत सूर एकाच मांडवात ऐकू येतात. मला दोन्ही चालतात, कारण डीजेच्या गाण्यात रंग उघडपणे लावलेला आहे. १९९८ साली शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने तो रंग जगाला दाखवला आणि तेव्हापासून तो नृत्यगीतांचा एक अलंकारच झाला.

माझी तक्रार दिसत नाही अशा दुरुस्तीबद्दल आहे. भावगीत, अभंग, मालिकांची शीर्षकगीतं, नव्याने ध्वनिमुद्रित केलेली नाट्यपदं, सगळीकडे ती आता गृहीत धरली जाते. ठाण्या-डोंबिवलीत फ्लॅटची एखादी खोली बंदिस्त करून स्टुडिओ थाटणं अवघड राहिलेलं नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण सूर किंचित हलला तर ‘नंतर बघू’ म्हणून टेक पुढे जातो, आणि नंतर बघणारा माणूस गायक नसतो.

हे तंत्र आलं कुठून? अँडी हिल्डेब्रँड हा अमेरिकी संशोधक जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींचे प्रतिध्वनी तपासून तेलाचे साठे शोधण्याचं गणित करत असे. लहर स्वतःशीच पडताळून तिचं आवर्तन काढायचं, हे तेच गणित त्याने गळ्याला लावलं आणि १९९७ साली ऑटो-ट्यून बाजारात आलं. पुढे जर्मनीतल्या मेलोडाइनने प्रत्येक सूर पडद्यावर ठिपक्यासारखा मांडला. तो बोटाने उचलून वर-खाली सरकवता येतो. दोन्हींची नेहमीची मांडणी सप्तकाच्या बारा समान भागांची. सप्तक १२०० सेंटचं, म्हणजे प्रत्येक पायरी १०० सेंटची, आणि शुद्ध गंधार ४०० वर.

तानपुरा मात्र वेगळं सांगतो. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटांच्या आसपास असतो. षड्जाशी खरा संवाद साधणारा धैवत ८८४ वर, यंत्राचा ९०० वर. हा चौदा-सोळा सेंटांचा फरक तयार कानाला स्पष्ट कळतो. म्हणजे तानपुऱ्याशी मिळालेला गायक यंत्राच्या लेखी उतरलेला ठरतो, आणि यंत्र त्याला वर ओढून तानपुऱ्यापासून तोडतं. दरबारीत तर अनर्थच होतो. तिथला कोमल गंधार ऋषभाकडे झुकत सावकाश आंदोलतो. यंत्राला त्यात फक्त दोन पायऱ्या दिसतात आणि जवळच्या पायरीकडे ते सूर खेचत राहतं. आंदोलन गेल्यावर उरतं ते दरबारी म्हणवत नाही.

समान पायऱ्या की श्रुती, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची गणितं मांडली, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या कामी गळा दिला आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी, म्हणजे हार्मोनियम, तयार झाली. मार्च १९४० पासून नभोवाणीने पेटीवर बंदी घातली, ती तीन दशकं टिकली. बंदी मला कधीच पटली नाही; गोविंदराव पटवर्धनांची पेटीची साथ ऐकलेल्या कुणाला ती पटेल? पण पेटीच्या ठरीव सुरांत श्रुती बसत नाहीत, ही तिच्यामागची शंका खरी होती. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे गोविंदरावांचेच शिष्य. त्यांनी या शंकेला कामातून उत्तर दिलं. त्यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत षड्ज-पंचम अचल आणि उरलेल्या दहा सुरांच्या दोन-दोन श्रुती. रागाला हवी ती निवडायची, मग वाजवायचं. निवड वादकाच्या कानाची आणि वाजवण्याआधीची.

ऑटो-ट्यूनच्या स्वरयाद्यांतही ‘इंडियन’ या नावाचं बावीस सुरांचं सप्तक दिलेलं आहे. तेवढ्याने भागत नाही. बाराच्या जागी बावीस पायऱ्या झाल्या, तरी मींड ही पायऱ्यांमधल्या जागेतच जगते. शिवाय पेटी गायकाच्या शेजारी वाजते. तिचा गंधार चढा असला तरी गाणाऱ्याचा गळा त्याचाच राहतो. दुरुस्ती गळ्याच्या आत शिरते.

एरवी उत्कट उतरलेल्या टेकमध्ये एखादा सूर घसरला, तर तेवढाच सावरून घ्यावा. भाव गमावून दहा वेळा गाऊन घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बिघडतं ते संपूर्ण गाण्यावरून सरसकट रंधा फिरवला की. त्याचा सर्वांत मोठा तोटा शिकणाऱ्या मुलांना होतो. क्लासला जाणारी मुलं आज मोबाइलवरची गाणी ऐकून घोटतात, आणि जो गंधार कानावर पडतो तोच गळ्यात बसतो. मग कल्याण गायन समाजाच्या देवगंधर्व महोत्सवात किंवा ठाण्यात राम मराठ्यांच्या स्मृतिसमारोहात खरा गंधार लागला, की त्यांना तो ढिला वाटण्याचा धोका आहे. मराठेबुवांच्या मैफलींच्या मुद्रणांत आवेगाने कडेला घासून जाणारे सूर आहेत, आणि त्या घासण्यातच त्यांच्या लयीची झेप कळते. शिकणाऱ्याला आधी ती मुद्रणं ऐकवावीत.

गायकांनीही एक आग्रह धरावा. रागावर आधारलेल्या गाण्यात आपोआप चालणारी दुरुस्ती बंद ठेवावी, तानपुरा हेडफोनमध्ये सुरू ठेवून गावं आणि कुठला सूर हलवायचा हे ठरवताना ध्वनिमुद्रकाच्या शेजारी स्वतः बसावं. मूळ, अस्पर्शित टेकची प्रत घरी मागून घ्यावी. संगीतकारानेही पैसे देताना ती प्रत जपण्याची अट घालावी.