शब्दबदली मॅक्रो आणि मराठीचे सामान्यरूप : ऑर्ग मोडच्या संदर्भात एक चिकित्सा

साध्या मजकुरात चिन्हे योजून लेखनाची मांडणी करण्याच्या ज्या पद्धती संगणकावर रूढ झाल्या, त्यांत कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या ऑर्ग मोडचा समावेश होतो. तीत मॅक्रोची सोय आहे. मॅक्रोचे नाव (ते रोमन लिपीतच असावे लागते) व त्याचा विस्तार एका ओळीत नोंदवायचा आणि मजकुरात ते नाव तिहेरी महिरपी कंसांत लिहायचे. निर्यातीच्या वेळी त्याजागी विस्तार येतो. संज्ञा बदलायची झाल्यास प्रबंधभर शोध न घेता एकच ओळ बदलावी, हे या सोयीचे आश्वासन होय. एकेका संज्ञेला दोन-तीन मराठी पर्याय प्रचलित असताना संशोधकास त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु मॅक्रो अक्षरे बदलतो. शब्दाचे व्याकरण त्याला ठाऊक नसते. इंग्रजी नाम शब्दयोगी अव्ययामुळे आपले रूप बदलत नाही; मराठी नामाचे मात्र प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते. 'मसुदा' असा विस्तार देऊन कंसापुढे 'त' जोडला, की 'मसुद्यात' ऐवजी 'मसुदात' उमटते. सामान्यरूपासाठी दुसरा मॅक्रो करता येईल, अनेकवचनासाठी आणखी दोन. एवढ्यानेही लिंगाचा प्रश्न सुटत नाही. 'मसुदा' सोडून 'संहिता' हा शब्द स्वीकारताच 'हा जुना मसुदा अपुरा ठरला' याचे 'हा जुना संहिता अपुरा ठरला' होते. सर्वनाम, विशेषण व क्रियापद मॅक्रोच्या बाहेरच राहतात. निर्यात मात्र विनातक्रार पार पडते. चूक आढळते ती छापील पानावर, बहुधा परीक्षकाला.

स्वल्पविरामाची अडचण त्या मानाने किरकोळ. तो घटकांचा विभाजक असल्याने मजकुरातील स्वल्पविरामापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. न दिल्यास एकच घटक घेणाऱ्या मॅक्रोत पुढचा मजकूर गळतो.

सूत्रे, संस्थांची लघुरूपे, वेब व छापील प्रतीसाठी निरनिराळी लागणारी चिन्हे, अशा अविकारी मजकुरासाठी ही सोय निःसंशय उपयुक्त आहे. वाक्यात चालविल्या जाणाऱ्या मराठी संज्ञेसाठी मात्र प्रत्येक स्थळ पाहून केलेली बदलीच अधिक भरवशाची. तिला वेळ लागतो, तथापि 'हा जुना' याचे 'ही जुनी' करणारी नजर त्या वाक्यावरून फिरलेली असते.