परवाना कुणाला, कशाचा?

शोधनिबंध छापून आला, की त्याची प्रत ‘रिसर्चगेट’ या संकेतस्थळावर आपल्या पानावर चढवून मोकळे व्हायचे, अशी पुष्कळ संशोधकांची रीत होती. मीही तेच केले. छपाईपूर्वी सही केलेल्या कागदाने लेखाचा स्वामित्वहक्क आपण प्रकाशकाला देऊन टाकला आहे, हे वाचण्याची तसदी कोण घेतो! २००८ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळाला अशा विनापरवाना प्रतींचा मोठाच आधार होता. २०१७ मध्ये एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी जर्मनीत दावा लावला. २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि लेख चढवतानाच त्याचे हक्क तपासण्याची व्यवस्था आली. त्याआधीच स्प्रिंगर नेचरशी करार होऊन त्यांचे काही लेख रीतसर तेथे येऊ लागले होते.

हे व्हायलाच हवे होते. पण करार झाला तो संकेतस्थळ आणि प्रकाशक यांच्यात. वाचक त्यात कुठेच नव्हता. समजा, पर्णरंध्रांची एक सुरेख आकृती तुम्हाला तेथील लेखात सापडली. वर्गात शिकवण्यापुरती तिची प्रत काढायला आपल्या १९५७ च्या कायद्यात सूट आहे. तीच आकृती मराठी नावे घालून तालुक्यातील शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत छापायची असेल, तर? लेख परवान्याने आला आहे खरा, पण तो परवाना दाखवण्याचा आहे, तुमच्या छपाईचा नव्हे. पान उघडले म्हणजे परवानगी मिळाली, असा समज मात्र पूर्वीपेक्षा पक्का होतो, कारण आता सारे कायदेशीर आहे ना!

म्हणून लेखात ‘सीसी’ ही अक्षरे आहेत का, ते आधी शोधावे. ‘सीसी बाय’ असेल तर श्रेय देऊन आणि बदल केल्याचे नमूद करून भाषांतर करा, छापा, वाटा. पुढे ‘एनडी’ असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. ‘एनसी’ असेल तर धंद्यासाठी वापर नाही.

असो. सगळा दोष संकेतस्थळाच्या माथी मारणे बरोबर नाही. अनेक प्रकाशक लेखाची स्वीकृत, पण न सजवलेली प्रत ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या भांडारात खुली ठेवू देतात. माझ्या काही लेखांची ती मुदत केव्हाच उलटली आहे. त्या प्रती अजून माझ्याच संगणकात पडून आहेत.