नाण्याचा आवाज, गावाचे मौन

जुन्या रॉक अल्बमच्या तबकड्या चारी बाजूंनी ऐकण्याची एक हौस असते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘क्वाड्राफोनिक’ नावाचे तंत्र आले. दोन स्पीकर समोर, दोन पाठीमागे आणि श्रोता मधोमध. पण एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या तीन पद्धती बाजारात उतरल्या. त्यात चार स्पीकरांचा खर्च. दशक सरण्याआधीच हे तंत्र मागे पडले. चाहते मात्र टिकून राहिले.

पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या अल्बमचे अॅलन पार्सन्स यांनी केलेले क्वाड मिश्रण २०११ साली पुन्हा प्रसिद्ध झाले. ते आम्ही वर्ध्यात एका मित्राच्या होम थिएटरवर ऐकले. ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याचे आवाज खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरतात. पैसा माणसाला चहूकडून घेरतो, हे शब्दांच्या आधीच कानाला उमगते. तंत्र इथे अर्थाच्या कामी आले. पण क्वाडच्या नावाखाली नुसती फिरवाफिरवही झाली. गिटार पुढून मागे गेली, मागून पुढे आली. कशासाठी, ते कळत नाही.

तेव्हा आवाज किती बाजूंनी येतो, यापेक्षा तो ऐकणाऱ्याला कुठे नेऊन बसवतो, हे पाहायला हवे.

हीच कसोटी ‘शोले’ला लावून पाहू. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला ७० मि.मी.चा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी लाभला होता. जयने उडवलेले नाणे मुंबईच्या मिनर्व्हात प्रेक्षक खुर्चीखाली शोधत, असा किस्सा सांगतात. करामत खरीच. पण लहान गावांत चित्रपट बहुधा ३५ मि.मी.च्या प्रतीवर, पडद्यामागच्या एकाच आवाजावर पाहिला गेला. तिथे तो उणा पडला का? आम्हाला तसे वाटत नाही. कारण त्याच्या ध्वनीचा कळस नाण्यात नाही, रहीम चाचांच्या प्रसंगात आहे.

कामाच्या शोधात गाव सोडून निघालेल्या अहमदचे प्रेत घोड्यावरून गावात येते. सारे गाव थिजते. अंध इमामसाहेब काठी टेकत येतात आणि विचारतात, एवढी शांतता का? वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिताना मुले एकाएकी गप्प झाली की शिक्षकालाही न बघता कळते, काहीतरी घडले आहे आणि ते आपल्यालाच ठाऊक नाही. ए. के. हंगल यांनी ही जाणीव आवाजात अचूक पकडली आहे. प्रेक्षकाला दिसते ते चाचांना दिसत नाही. आणि प्रेक्षकही बोलत नाही. म्हणजे थिएटरात बसलेलो आपण त्या गप्प गावकऱ्यांतलेच एक होतो. क्वाडला चार स्पीकर लावून जे साधायचे होते, ते इथे एकही आवाज न करता साधले.

पुढचे मात्र खटकते. पुत्राच्या प्रेताशेजारी उभा राहून हा बाप म्हणतो, गावासाठी कुर्बान व्हायला अल्लाहने आणखी मुलगे का दिले नाहीत, हे विचारायला जातो. मग अजान, आणि तो मशिदीकडे वळतो. ‘चांगला मुसलमान’ म्हणजे देत राहणारा मुसलमान, असा साचा आपल्या पडद्यावर फार झाला, ही तक्रार रास्त आहे. सलीम-जावेद यांच्या लेखणीतून उतरला म्हणून साचा साचा राहत नाही असे नाही. मौन शेजाऱ्यांना जाब विचारते. हा संवाद त्याच शेजाऱ्यांना सुटका देऊन टाकतो. गर्दीला टाळ्या वाजवायला मोकळीक मिळते.

‘शोले’ची पुनर्संचयित प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. जुना चित्रपट नव्या ध्वनीत ऐकताना घोड्यांच्या टापा कोणत्या भिंतीवरून येतात हे शोधणे सोपे आहे. रसिकांनी त्या शांततेपाशी थांबावे, आणि चाचा बोलू लागण्याआधी स्वतःला विचारावे: आपण गप्प का आहोत?