प्रयोगशाळेतील यकृतपेशी : दावा आणि मर्यादा

मानवी मूलपेशींपासून यकृतपेशी वाढवून त्यांवर औषधांची विषारकता तपासण्याच्या पद्धतीविषयी बरेच लिहिले जाते. ‘आता प्राण्यांवरील प्रयोगांची गरज उरली नाही’ हा निष्कर्ष महाविद्यालयीन वर्गांतूनही सांगितला जातो. तो घाईचा आहे.

गरज मात्र खरी आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत फियालुरिडीन या हिपॅटायटिस-बीवरील औषधाच्या चाचणीत १५ पैकी ५ रुग्ण दगावले. प्राण्यांवरील चाचण्यांनी या धोक्याची पूर्वसूचना दिली नव्हती. दात्याच्या यकृतातून काढलेल्या पेशी तर बशीत काही दिवसांतच आपले गुण गमावतात. म्हणूनच २००७ मध्ये यामानाका यांनी मानवी त्वचेतील पेशींना मूलपेशींचे रूप दिल्यावर अपेक्षा उंचावल्या.

अशा मूलपेशींना ठरावीक क्रमाने वाढघटक दिले की काही आठवड्यांत अल्ब्युमिन स्रवणाऱ्या पेशी मिळतात. परंतु त्याच पेशी अल्फा-फीटोप्रोटीनही स्रवतात, आणि ते गर्भाच्या यकृताचे लक्षण होय. सायटोक्रोम पी-४५० या विकरांची क्रियाही त्यांत प्रौढ पेशींपेक्षा कमी आढळते. दोष नेमका येथे आहे. पॅरासिटामॉलची अतिमात्रा याच विकरांनी घडविलेल्या पदार्थामुळे घातक ठरते. विकरेच अपुरी असतील, तर घातक औषधही निर्दोष ठरण्याचा संभव राहतो.

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर तेथे मिथिल आयसोसायनेटच्या विषारकतेचा अभ्यास प्राण्यांवर झाला. हा वायू प्रथम डोळे व फुप्फुसे जाळतो. ती हानी यकृतपेशींच्या बशीतून कळणे शक्य नाही. याच संस्थेने विकसित केलेल्या ‘डेपा’ या डासप्रतिबंधक द्रव्याचे उदाहरण वेगळे. त्वचेतून रक्तात गेलेल्या अंशाचे यकृत काय करते, हा प्रश्न उंदरापेक्षा मानवी पेशींना विचारणे अधिक सयुक्तिक.

पेशी कोणाच्या, हा प्रश्न तर फारसा विचारलाच जात नाही. भारतातील औषधजन्य यकृतविकारांत क्षयरोगावरील औषधांचा वाटा मोठा आहे. आयसोनियाझिडचे ॲसिटिलीकरण ज्यांच्यात मंद होते, त्यांना धोका अधिक. अशा दात्यांच्या पेशी नसलेल्या चाचणीचा येथील रुग्णाला कितपत उपयोग? हव्या त्या व्यक्तीपासून पेशी तयार करता येणे ही या पद्धतीची खरी ताकद. गौरवपर लेखनात तिचाच उल्लेख सर्वांत कमी आढळतो.

मार्च २०२३ मध्ये भारताने औषधचाचणी नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरील अशा चाचण्यांना वाव दिला. प्राण्यांवरील चाचण्या तिने बंद केलेल्या नाहीत.