आज्ञापत्रातील टोपीकर : एका राजनीतिग्रंथाची दृष्टी आणि मर्यादा

शिवोत्तर मराठी गद्यात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे स्थान निर्विवाद आहे. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झालेल्या या लहानशा ग्रंथातील सावकारांविषयीचे प्रकरण त्यातील युरोपीय व्यापाऱ्यांसंबंधीच्या मजकुरामुळे विशेष प्रसिद्धी पावले. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच व डेन, या सर्वांना अमात्य ‘टोपीकर’ या एका नावाखाली आणतात आणि त्यांच्याविषयी राजाला सावध करतात. प्लासीच्या चाळीस वर्षे आधी एका मराठी मुत्सद्द्याने इंग्रजी सत्तेचे भाकीत केले, असा या मजकुराचा अर्थ पुढे रूढ झाला. हा अर्थ अमात्यांच्या गौरवास सोयीचा असला, तरी मजकुराच्या वाचनास अपायकारक ठरला आहे. भाकीत म्हटले की ते खरे ठरले एवढेच पाहिले जाते. ग्रंथकाराने काय पाहिले, कोणत्या अनुभवावरून पाहिले आणि काय त्याच्या दृष्टीबाहेर राहिले, हे प्रश्न मागे पडतात.

मजकुराचा आशय थोडक्यात असा : टोपीकर हेही व्यापारीच, परंतु इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे आणि त्याच्याच हुकमाने ते व्यापारास येतात. मुलूख वाढवावा आणि आपले मत स्थापावे हा त्यांचा हेतू असतो. हाती आलेले स्थळ ते प्राण गेला तरी सोडत नाहीत. म्हणून त्यांचा संबंध येण्याजाण्यापुरता ठेवावा. वखारीस जागा देणे भागच पडले, तर ती समुद्रकिनाऱ्यावर किंवा खाडीच्या मुखावर देऊ नये. आतल्या बाजूस, गावाच्या नजरेखाली द्यावी आणि तेथेही पक्की इमारत बांधू देऊ नये. आरमार, तोफा आणि दारूगोळा हे त्यांचे बळ असल्यामुळे बंदरावर जागा मिळताच ते किल्ला उभारतील आणि तेवढा मुलूख गेलाच म्हणून समजावे.

हा मजकूर लिहिला गेला तेव्हा कोकणपट्टीवरील इंग्रजांची स्थिती पुढच्या काळासारखी मुळीच नव्हती. औरंगजेबाशी केलेल्या युद्धात त्यांचा पराभव झाला होता आणि १६९० मध्ये दंड भरून, माफी मागून त्यांना व्यापाराची परवानगी परत मिळवावी लागली होती. कान्होजी आंग्रे समुद्रावर आपले दस्तक चालवीत होते, आणि पुढे १७१७ ते १७२१ या काळात विजयदुर्ग, खांदेरी व कुलाबा येथे त्यांच्याविरुद्ध झालेल्या मोहिमा फसल्या. तेव्हा अमात्यांच्या सावधगिरीचे मूळ इंग्रजांच्या वाढत्या सत्तेत शोधणे गैर होईल. ते मूळ पोर्तुगीजांच्या इतिहासात आहे. १४९८ मध्ये कालिकतला व्यापाराचे निमित्त सांगून आलेल्या या लोकांनी १५१० मध्ये गोवा घेतला. गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या दडपणाखाली १५३४ मध्ये त्यांना वसई दिली, पुढल्या वर्षी दीव येथे किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये त्याच दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांबरोबरच्या भेटीच्या प्रसंगी तो मारला गेला. जागा, मग किल्ला, मग मुलूख, आणि त्याबरोबर धर्मप्रसार : अमात्य वर्णन करतात तो क्रम तंतोतंत हाच आहे.

साचा पोर्तुगीजांचा असल्यामुळेच तो इतरांना पूर्णपणे लागू पडत नाही. पोर्तुगीजांचा व्यवहार खरोखरच राजाचा होता. डच कंपनी मात्र १६०२ मध्ये एका प्रजासत्ताकाच्या सनदेने स्थापन झाली; तिच्यामागे राजा नव्हताच. इंग्रज कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणीची सनद मिळाली होती हे खरे, पण पुढे १६६१ च्या सनदेने ख्रिस्तीतर सत्तांशी युद्ध व तह करण्याचा अधिकारही तिला मिळाला. आणि राजाला पोर्तुगालकडून विवाहात मिळालेली मुंबई १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने तिच्याच स्वाधीन झाली. राजाने व्यापाऱ्याला पाठवावे हा एक प्रकार. राजाने राजत्वाचा अंश भागधारकांच्या मंडळीला खंडाने द्यावा हा अगदी निराळा. या दुसऱ्या प्रकारासाठी आज्ञापत्राच्या राजनीतीत शब्द नाही. म्हणूनच जेथे संस्थेचे विवेचन हवे, तेथे ग्रंथकार स्वभावाकडे वळतो आणि टोपीकरांचा हट्टीपणा हेच कारण म्हणून पुढे ठेवतो. एरवी वतनदारांच्या वृत्तीची चिकित्सा इतक्या बारकाईने करणाऱ्या ग्रंथात हा मजकूर त्यामानाने सपाट वाटतो.

अमात्यांनी दाखल्यासाठी निवडलेले राजापूर या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. खाडीच्या आत वसलेले, किल्ला नसलेले हे पेठेचे गाव. म्हणजे त्यांच्या मते निर्धोक जागा. परंतु १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवून, आपले निशाण लावून तोफा डागणारे इंग्रज याच राजापूरच्या वखारीतले होते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैदेत पडले. ते १६६३ मध्ये सुटले, आणि नुकसानभरपाईचे घोंगडे पुढे अनेक वर्षे भिजत पडले. बिनतटाची वखार सहज ताब्यात घेता येते, हा या प्रसंगाचा एक अर्थ. अमात्यांनी तोच घेतला. वखारीचा उपद्रव तटबंदीवर अवलंबून नसतो, शेजारच्या दोन सत्तांच्या भांडणात ती एका बाजूला माल आणि माणसे पुरवू शकते, हा दुसरा अर्थ मात्र त्यांच्या शिफारशीत उमटलेला नाही.

बंगालमध्ये हा दुसरा अर्थच निर्णायक ठरला. कलकत्त्याचा फोर्ट विल्यम अगदी नदीकाठी, जहाजे लागतील असा होता. पण सिराजउद्दौल्याने जून १७५६ मध्ये तो काही दिवसांत घेतला. याउलट आतल्या भागातील काशिमबाजारची वखार, जी त्याने त्याआधीच हस्तगत केली होती, तिचा प्रमुख विल्यम वॉट्स पुढील वर्षी दरबारातील कारस्थानाचा सूत्रधार झाला. या कारस्थानात जगतशेठांचे घराणे सामील होते. सुरतेतही १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्यास शहरातील वजनदार सावकारांची अनुकूलता होती. आज्ञापत्रातील प्रकरणाची रचनाच येथे अपुरी पडते. त्यात आधी देशी सावकाराची प्रशंसा आहे : तो राज्याचे वैभव वाढवितो, अडचणीच्या वेळी कर्ज देतो, म्हणून त्याचा परामर्श घ्यावा, त्यास उपसर्ग होऊ देऊ नये. मग टोपीकरांचा निषेध येतो. प्रशंसेचा विषय आणि निषेधाचा विषय एकमेकांचे भागीदार होऊ शकतील, ही शक्यता दोन्ही परिच्छेदांच्या मधल्या जागेत कोठेही डोकावत नाही. टोपीकर जमीन मागेल असे अमात्य गृहीत धरतात. तो वसुली मागेल असे नाही. १७६५ मध्ये कंपनीने बादशहाकडून मिळविली ती बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी होती.

तरीही ग्रंथाची ताकद टोपीकरांच्या परिच्छेदात मोजणे हाच मुळी अन्याय आहे. आज्ञापत्राचे शेवटचे प्रकरण आरमाराचे आहे आणि आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, ज्याचे आरमार त्याचा समुद्र, हा त्यातील विचार टोपीकरांविषयीच्या साऱ्या बंदोबस्ताहून खोल जातो. पहिल्या प्रकरणात जागा कोठे द्यावी याची चर्चा आहे. दुसऱ्यात, जागा देण्याची सक्ती कोणी करू शकणार नाही अशी स्थिती कशाने निर्माण होते याची. अभ्यासक्रमांत वेचे निवडताना ही दोन प्रकरणे सहसा एकत्र ठेवली जात नाहीत, हे दुर्दैव.

ग्रंथ लिहिला गेल्यावर चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गापुढे आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेत इंग्रजांचे नौदल ॲडमिरल वॉटसनच्या व सैन्य क्लाइव्हच्या हाताखाली होते. वॉटसन कंपनीचा नोकर नव्हता. तो राजाच्या आरमाराचा अधिकारी होता, म्हणजे व्यापाऱ्यामागे राजा उभा असतो हे अमात्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते अक्षरशः खरे होते. तेथून हे दोघे मद्रासकडे गेले, ऑक्टोबरमध्ये तेथून निघून वर्षअखेरीस हुगळीत शिरले आणि २ जानेवारी १७५७ रोजी त्यांनी कलकत्ता परत घेतले.