‘भरपूर’ : एका ट्यूबवरील मजकुराचे परीक्षण

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाला बारीक अक्षर वाचायची खोड लागते. कर्जाच्या कागदावर ठळक अक्षरात असतं ते गिऱ्हाइकासाठी, आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात असतं ते आमच्यासाठी, हे एकदा कळलं की माणूस पेढ्याचा पुडासुद्धा उलटा करून पाहतो. म्हणून सौभाग्यवतींच्या गालांवर वांगाचे डाग दिसू लागले आणि त्वचेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन औषधांच्या खाली सनस्क्रीनची ट्यूब लिहून दिली, तेव्हा हिनं ती लावायला घेतली आणि मी वाचायला घेतली.

ट्यूबवरील मजकूर हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेने अगदीच उपेक्षित ठेवला आहे. मूळ कृती इंग्रजीत, लेखक अनामिक. मुखपृष्ठावर बाकी सगळ्याला मागे सारून बसलेला आकडा : ५०. त्याच्या मागे एसपीएफ, पीए आणि तीन अधिकची चिन्हं. आमच्या शाखेत एक गृहस्थ नावापुढे बी. कॉम., एलएल. बी., जी. डी. सी. अँड ए. असं लिहीत, त्याची आठवण झाली. त्यांच्याही बाबतीत काम नेमकं कुठलं अक्षर करतं हे कुणाला कळत नसे. इथे कळलं. एसपीएफ हे कातडी भाजणाऱ्या किरणांपुरतं, आणि पीए हे काचेतूनही आत शिरून रंग काळवंडवणाऱ्या किरणांचं. म्हणजे वांगवाल्यांनी खिडकीशी बसतानाही अधिकची चिन्हं मोजावीत.

आता ५० या नायकाबद्दल. ३० वाली ट्यूब भाजणाऱ्या शंभर किरणांतले साधारण ९७ अडवते आणि ५० वाली ९८. वीस अंकांची चढाओढ, पदरात एक. पण खरी मेख मलपृष्ठावर आहे. तिथे बारीक अक्षरात दोन वाक्यं येतात. अनुवाद माझा : उन्हात जाण्यापूर्वी भरपूर लावावे. दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

‘भरपूर’! या एका शब्दावर माझा आक्षेप आहे. पाककृतीत ‘चवीपुरतं मीठ’ लिहितात ते चालतं, कारण करणारीला चव असते. ‘भरपूर’ला काय आहे? हा शब्द मुलखागणिक बदलतो. कोकणातला भरपूर पाऊस वेगळा, आमच्या नगरातला (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) वेगळा. आमचा बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत. छाया म्हणून जी काय आमच्या वाट्याला आली ती पावसाची, उन्हाची नाही. अशा मुलखातल्या बाईला ‘भरपूर’ म्हटलं की ती काय करणार? तिनं ट्यूब दाबली, मोहरीएवढा थेंब बोटावर घेतला, देवाला गंध लावावं तसा तो दोन गालांवर टेकवला आणि बाकीचं झाकण लावून पुन्हा खोक्यात ठेवलं. खोकंसुद्धा जपलं.

वास्तविक ‘भरपूर’ला आकडा आहे. प्रयोगशाळेत तो ५० येतो तो कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन. घरच्या मापात सांगायचं तर चेहरा आणि मान मिळून चहाचा अर्धा चमचा आणि वर थोडं. प्रत्येक हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत, पुन्हा तेवढंच. जगभरात लोकांचं लावणं मोजून पाहिलंय. बहुतेक जण यातलं पाव ते निम्मंच लावतात. म्हणजे मोहरी आमच्याच घरची नाही. पण थर निम्मा झाला की ५० हा ५० राहत नाही. आमच्या भाषेत, ५० हा व्याजाचा दर आहे. मुद्दल किती भरलं ते आपल्याकडे. पाच रुपये भरून हजाराचं व्याज मागायला येणारी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. त्यांना समजावताना मी जो चेहरा करतो, तोच चेहरा ही ट्यूब माझ्याकडे बघून करत होती.

आणि दुसरं वाक्य म्हणजे मुदत ठेव, दोन तासांची. आपोआप नूतनीकरण नाही. घाम येतो, पदर फिरतो, काही रसायनं उन्हाला अडवता अडवता स्वतःच खर्ची पडतात. दोन तासांनी पुन्हा नवी पावती. सकाळी आठला एकदा लावून ‘लावलंय की’ म्हणत दुपारी दोनला उन्हात उभं राहणं म्हणजे मुदत संपलेली पावती खिशात घेऊन हिंडणं.

लेखकाने हे आकडे का छापले नाहीत? मी बी. कॉम. आहे, त्यामुळे उत्तर मला गणितात दिसलं. ट्यूब ५० ग्रॅमची, मी दिले ४८० रुपये. ग्रॅमला नऊ रुपये साठ पैसे. चेहरा आणि मान एकदा : तीन ग्रॅम, अठ्ठावीस रुपये ऐंशी पैसे. सकाळी आठ, दहा, बारा, दोन असं चारदा लावलं तर एकशे पंधरा रुपये वीस पैसे, तेही हात उघडे टाकून. घरीच राहून दिवसातून दोनदा लावलं तरी ट्यूब आठ दिवसांची.

आमच्या घरी ती चौदा महिने चालली.

इथे परीक्षकाला स्वतःबद्दल थोडं बोलणं भाग आहे. अधूनमधून मी ती ट्यूब हातात तोलून ‘अजून आहे? शाब्बास!’ असं म्हणत असे. पहिल्या दिवशी दुकानातून परतताना ‘एवढ्यात शेंगदाणे किती आले असते’ याचा हिशोबही मीच मोठ्याने केला होता. डाग तसेच राहिले. औषध लागू पडत नाही असं मी जाहीर केलं. परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, “ट्यूब किती दिवसांत संपते?” ही काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. ऑडिटरनं फाईल मागितल्यावर शिपायाने साहेबांकडे पाहावं, तसं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. वांगाला नुसता साधा उजेडही पुरतो म्हणे, म्हणून लोहाचं ऑक्साइड घातलेली, किंचित मातकट रंगाची ट्यूब घ्यावी. म्हणजे गेरूचं शहरात राहायला गेलेलं भावंड.

या मजकुराचा इतिहासही बघा. ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर आल्प्समधल्या पिझ बुईन शिखरावर उन्हाने भाजला आणि १९४६ च्या सुमारास त्याने आपलं क्रीम बाजारात आणलं. ते शिखर आमच्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईच्या दुप्पट उंच. गोऱ्या माणसाने हौसेने डोंगर चढायचा, त्याच्यासाठी ही कृती लिहिलेली. आपल्या सावळ्या कातडीत निसर्गाने थोडी सनस्क्रीन आधीच घातलेली असते. पण नेप्तीच्या कांदा बाजाराकडे जाऊन बघा. खरोखर आठ ते चार उन्हात असणाऱ्या बाया तिथे भेटतात. एकशे पंधरा रुपये वीस पैसे हे त्यांच्या मजुरीतून कापायचे काय? त्या डोक्यावरून, गालांवरून फडकं घट्ट बांधतात. ते दर दोन तासांनी बांधावं लागत नाही आणि त्याच्यावर कुणी ५० छापत नाही. सावली, टोपी, लांब बाही यांचा या मजकुरात पुरेसा उल्लेख नाही, हा माझ्या मते कृतीतला मोठा दोष.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घोडेगावावरून आत वळून शनिशिंगणापूरला गेलो. एका बँकेने २०११ साली इथे विनाकुलूप शाखा काढली, ती मला पाहायची होती. हिला दर्शन घ्यायचं होतं. चौथऱ्यावर शिळा उघड्यावर, छप्पर नाही. सूर्याचाच मुलगा, पण आई कोण? छाया! नवऱ्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञेने आपल्या जागी सावली ठेवली, तिचा हा पोर. पुढे विश्वकर्म्याने सूर्याला घासून त्याचं तेज कमी केलं, पण तोवर बायकोने किती सोसलं असेल! पुराणातले नवरेही उशीराच जागे होतात.

शिळेवर तेल पडत होतं. थेंब नव्हे, धार. ओघळून जायच्या आत दुसरी धार. भेसळीने शिळा झिजू नये म्हणून २०२५ च्या मार्चपासून इथे शुद्ध ब्रँडेड तेलच चालतं. म्हणजे इथेही कुणीतरी मलपृष्ठ वाचतं. (तेल ऊन अडवत नाही, हे माझ्या डोक्याकडे बघणाऱ्या कुणालाही कळेल.) भरपूर आणि पुन्हा पुन्हा म्हणजे काय, ते मला त्या धारेत दिसलं.

बाहेर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. हिनं पर्समधून नवी ट्यूब काढली आणि माझ्याकडे पाहत दोन बोटं भरून लांबलचक रेघा ओढल्या. अठ्ठावीस ऐंशी, असं मनात आलं. तोंडातून येऊ दिलं नाही. मग उरलेलं तिनं माझ्या टकलावर फासलं. “अहो, हलू नका.”

आता परीक्षणाच्या रिवाजाप्रमाणे. छपाई : सुबक, भिंगाने वाचनीय. पृष्ठे : एक, गोलाकार. मूल्य : ४८० रुपये. आवृत्ती : आमच्या घरी दर आठ दिवसांनी नवी.